मुक्काम हॉटेलात, दिवस घरात

परदेशातून भिलाईला येणाऱ्या आपल्या लेकी-मुलांना, सुना-जावयांना चार गोष्टी सांगते. काही मला थोरल्या जाऊबाईंनी सांगितल्या, काही सेक्टरातल्या शेजारणींकडून कळल्या.

हॉटेलात उतरण्यात कमीपणा मानू नका. कारण सांगते. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथल्या स्टील प्लांटची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली आणि पुढे नागपूर-गोंदियाकडची कितीतरी मराठी कुटुंबे इथे आली. प्लांटचे क्वार्टर मिळाले, अंगणात आंबा-पेरू लावले. पण निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागते. मग रिसाली, स्मृतिनगर, नेहरूनगर अशा भागांत लहानसे घर घेतले जाते. म्हाताऱ्या आई-बाबांच्या दोन खोल्यांत चार माणसे, मोठाल्या बॅगा आणि रात्री दोनला टक्क जागी होणारी नातवंडे मावत नाहीत. हे आई-बाबांनाही कळते. पण ते तोंडाने म्हणणार नाहीत.

म्हणून तिकीट काढाल त्याच दिवशी फोनवर सांगा, “आई, झोपायला हॉटेलात, बाकी सगळा वेळ तुझ्याकडे.” आधी कळले की आई शेजारीपाजारी स्वतःच सांगून टाकते. दारात उतरल्यावर सांगाल, तर तिच्या मनाला ते लागून राहील.

हॉटेल रेल्वे रुळांच्या कुठल्या बाजूला आहे ते पाहा. टाउनशिप, सेक्टर ९ चे हॉस्पिटल, रिसाली दक्षिणेला, सुपेला, जी. ई. रोड, स्मृतिनगर उत्तरेला. खाजगी हॉटेले बरीचशी जी. ई. रोडच्या आसपासच सापडतील. ज्यांना भेटायला येता त्यांच्या बाजूचे मिळत असेल तर दोनशे रुपये जास्त गेले तरी तेच घ्या. नाहीतर दिवसातून चारदा रूळ ओलांडण्यातच वेळ जातो.

देवउठनी एकादशी झाली की लग्ने सुरू होतात. खोल्या मिळत नाहीत, आणि मिळाल्या तरी खाली डीजे वाजत असतो. आधी फोन करा, मागच्या बाजूची खोली मागा आणि आठवड्याचा दर विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे. सांगितलेल्या दरात तो धरला आहे का, हे विचारून घ्या. गाडी पहाटे दुर्गला पोचत असेल, तर खोली किती वाजता मिळेल तेही आधीच ठरवा.

पासपोर्ट परदेशी असेल तर तो आणि ओसीआय कार्ड, दोन्ही मूळ प्रती जवळ ठेवा, लेकरांचेसुद्धा. परदेशी नागरिकाची नोंद हॉटेलवाल्याला २४ तासांत सरकारकडे पाठवावी लागते. लहान लॉजवाले या कटकटीपायी नाही म्हणतात, म्हणून बुकिंग करतानाच सांगावे. भारतातला मोबाइल नंबर चालू ठेवा. बँकेचा ओटीपी बहुधा त्यावरच येतो.

जमले तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी या. मे महिन्यातले इथले ऊन लेकरांना सोसत नाही.

आता महत्त्वाचे. सामानातली एक बॅग, चपला, टॉवेल आणि लेकरांची खेळणी आईकडेच ठेवा. हॉटेलात नाश्ता फुकट असला तरी चहा-चिला घरीच खा. एका सकाळी बाबांना इंडियन कॉफी हाउसमध्ये न्या. घरात न निघणारे बोलणे तिथे निघते. दुपारी जेवण झाल्यावर आईशेजारी चटई टाकून पडा. बँकेची, मेडिक्लेमची कामे पहिल्या आठवड्यातच उरका, म्हणजे जायच्या आधीचे दिवस मोकळे राहतील.

जुने क्वार्टर पाहायला जाल, तर तिथे आता दुसऱ्याचा संसार आहे हे ध्यानात ठेवा. बाहेरून आवाज द्या, आत बोलावले तरच जा.

लेकींना एक वेगळे सांगणे. तीजा म्हणजे आपली हरतालिका. त्या दिवसांत गावोगावच्या छत्तीसगढी लेकी माहेरी येतात, आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात, म्हणजे करू भात, खाऊन उपास धरतात. तुमचे येणे त्या दिवसांत असेल, तर त्या दोन रात्री हॉटेलाचे नाव काढू नका.

आणि सगळ्यांसाठी शेवटचे: हॉटेलची खोली एक दिवस आधी सोडा. निघण्याआधीची रात्र आई-बाबांच्या घरी, जमिनीवर गाद्या टाकून काढा. अडचण होईल, झोप कमी मिळेल. पण तुम्ही गेल्यावर आई-बाबा महिनोन् महिने त्याच रात्रीबद्दल बोलतात. खोलीचे भाडे फुकट गेले तरी चालेल, ही रात्र चुकवू नका.