झडपेंतील पाण्याचा जमाखर्च

नळानें पाणी नेणाऱ्या बागाईतदारास पंपाची व मोटारीची काळजी असते. परंतु मधल्या झडपेकडे, जीस आपण ‘वॉल’ म्हणतों, सहसा कोणी पाहात नाहीं. आम्हींही पाहिलें नव्हतें. पंप जोराचा असल्यामुळें आम्ही गेट-व्हॉल्व्ह तीन-चतुर्थांश मिटवून पाणी बेतानें सोडीत असूं. त्यांतून खडे वाहात असल्यासारखा आवाज येई. तो रेतीचा समजून आम्ही दुर्लक्ष केलें. दुसऱ्या हंगामांत व्हॉल्व्ह पूर्ण बंद करूनही पाणी थांबेना. उघडून पाहतां आंतील फळीची कड वाळवी लागल्याप्रमाणें पोखरलेली आढळली. दोष आम्ही कारखानदारावर ठेविला. परंतु तो बव्हंशीं आमचाच होता.

वाट अरुंद झाली कीं पाण्याचा वेग वाढतो व दाब उतरतो. हें तत्त्व डॅनियल बर्नूली यांनीं १७३८ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडिलें. दाब फारच उतरला, म्हणजे ३० अंश उष्णतेच्या पाण्यास वातावरणाच्या सुमारें २४ व्या हिश्शावर आला, तर पाणी विस्तवावांचून उकळतें. त्याचे बुडबुडे पुढें दाब वाढतांच फुटतात, आणि त्या आघातांनीं धातु कुरतडली जाते. खड्यांचा आवाज तो हाच.

हा उतार नेमका कोठें पडतो, हें बंद झडपेंत डोळ्यांस दिसत नाहीं. पूर्वीं सांचा करावा, ओतीव काम करावें, चांचणी घ्यावी व पुन्हा सांचा बदलावा, असा क्रम असे. आतां हें काम प्रथम संगणकावर होतें. चाकरींत असतांना गांवचे हिशेब तपासले असल्यामुळें ही रीत आम्हांस परकी वाटली नाहीं. झडपेच्या पोकळीचे लक्षावधि तुकडे पाडतात, जसे शिवाराचे सर्व्हे नंबर. प्रत्येक तुकड्याचें खातें निराळें. शेजारून जितकें पाणी जमा, तितकेंच खर्चीं पडलें पाहिजे. आणि वेगांतील प्रत्येक फरकाचा जबाब दाबानें व घर्षणानें दिला पाहिजे. एक खातें दुरुस्त केलें कीं शेजारचीं बिघडतात. म्हणून ताळा जमेपर्यंत तोच हिशेब पुन्हा पुन्हा फिरवितात.

खरी अडचण अशी कीं, दाब आधीं ठाऊक नसतो. तो अंदाजानें धरावा व पाण्याच्या जमाखर्चांत जी तफावत निघेल तीवरून दुरुस्त करावा, ही युक्ति सुहास पाटणकर व ब्रायन स्पाल्डिंग यांनीं १९७२ सालीं प्रसिद्ध केली. पाटणकर हे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे १९६२ सालचे पदवीधर होत.

हिशेब जमला म्हणजे दाब कोठें उतरतो व भोंवरे कोठें पडतात, तें चित्रांत दिसतें. मग कारागीर कोपरे गोल करितो, किंवा एकाच ठिकाणीं पडणारा दाब सच्छिद्र पिंजऱ्यांतून टप्प्याटप्प्यानें पाडतो. तथापि तुकडे मोठे पाडले तर उत्तर चुकतें. म्हणून ते बारीक करून उत्तर बदलतें कीं काय, तें पाहावें लागतें, आणि शेवटीं खरी झडप खऱ्या पाण्यावर तपासावीच लागते.

आपल्या उपयोगाचे आंकडे असे. वेग सेकंदास २ मीटर धरला तर पूर्ण उघडा गेट-व्हॉल्व्ह उंचीचे सुमारें ४ सेंटिमीटर खातो. त्याच वेगास अर्धा मिटलेला ४३ सेंटिमीटर, आणि तीन-चतुर्थांश मिटलेला साडेतीन मीटर. ग्लोब-व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असूनही सुमारें २ मीटर खातो, कारण त्यांत पाण्यास वळणें घ्यावीं लागतात. मात्र पाणी कमीजास्त करण्यास तोच योग्य.

तेव्हां वाचकांस आमची सूचना इतकीच: गेट-व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा ठेवावा, नाहींतर पूर्ण बंद. पाणी बेतानें सोडणें असेल तर त्या कामाचीच झडप घ्यावी. घेतांना ती किती उंची खाते व पाण्यावर तपासली आहे काय, हें विक्रेत्यास अवश्य विचारावें. आणि झडपेंत खडे वाजूं लागले तर आम्हांप्रमाणें रेतीस दोष देऊं नये.