पहिली रात्रपाळी

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतील एका घरी आम्ही भेटीस गेलो असता, चहा होण्यापूर्वीच घरधनीण म्हणाली, "पाळकसाहेब, पोरीला माघारी बोलावून घ्यावं का? फोनवर नुसती रडती." मुलगी तीन वर्षे शिकून जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात लागली होती. नोकरीस अडीच महिने झाले होते व रात्रपाळीचा तो दुसरा आठवडा होता. आम्ही तत्काळ उत्तर दिले नाही. मुलीशी बोलून सांगतो, एवढेच म्हणालो. हा प्रश्न त्या एकाच घरचा नाही, म्हणून त्याविषयी येथे लिहीत आहो.

परिचारिकेचे काम आमच्या लोकांस नवे नव्हे. मिरजेस डॉक्टर वॉनलेस यांनी 1894 साली रुग्णालय उघडले, आणि परक्या रोग्याच्या अंगास हात लावणे हे ज्या काळी सुनालेकींस कमीपणाचे वाटे, त्या काळापासून आमच्या मुली ही विद्या शिकत आल्या आहेत. तरीही शिक्षण संपते व खरे काम सुरू होते, त्या मधल्या काही महिन्यांत मुलीवर काय गुदरते, हे घरच्या माणसांस बहुधा ठाऊक नसते.

प्रथम परीक्षेविषयी थोडेसे. जनरल नर्सिंगचा अभ्यासक्रम बारावीनंतर तीन वर्षांचा व बी. एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा आहे. निकालाचा कागद हाती आला की मुलगी परिचारिका झाली, असे पुष्कळ आईबाप समजतात. परंतु तसे नाही. अमेरिकेसारख्या देशांत नोंदणीकरिता निराळी परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे अभ्यासक्रमाच्या अंतिम परीक्षेवरच नोंदणी होते. पण ती व्हावी मात्र लागते. महाराष्ट्रात 1966 च्या परिचारिका अधिनियमान्वये नर्सिंग कौन्सिलच्या नोंदवहीत नाव चढले पाहिजे, आणि पुढे दर 5 वर्षांनी त्या नोंदणीचे नूतनीकरण केले पाहिजे. सरकारी नोकरी हवी असल्यास भरतीची स्पर्धा परीक्षा आणखी वेगळी. येथे आमच्या लोकांची एक खोड सांगितल्यावाचून राहवत नाही. बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळेतले दुसरे व आधार कार्डावरचे तिसरे! असा घोळ असेल तर तो निकालाची वाट न पाहता अगोदरच निस्तरावा. केवळ एका अक्षरापायी मुली महिनोन् महिने खोळंबलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

आता रात्रपाळीकडे वळू. पुष्कळ रुग्णालयांत ती सायंकाळी आठापासून सकाळी आठापर्यंत असते. दिवसा परिसेविका, डॉक्टर, मावश्या, वॉर्डबॉय यांची ये-जा असते; काही अडले तर विचारावयास कोणीतरी जवळ असते. रात्री मात्र वॉर्डात ती, फार तर तिची एक जोडीदारीण, आणि कण्हणारी माणसे. विद्यार्थिदशेत तिच्या कामावर दुसऱ्या कोणाची नजर असे. आता औषधाच्या तक्त्यावर सही तिची असते. त्यात पहाटे तीन ते पाच या वेळेत मनुष्याच्या शरीराची उष्णता उतरते व सावधपणा सर्वांत मंद होतो. हा आळस नव्हे. देहाची घडणच तशी आहे. म्हणून पहिल्या रात्रीपूर्वी दुपारी झोप घ्यावी, जेवण हलके व वेळेवर करावे, पहाटे चहावर चहा पिऊ नये, आणि सकाळी डोळे मिटत असता दुचाकी चालवून घरी जाऊ नये.

त्या मुलीशी आम्ही फोनवर बोललो, तेव्हा रडण्याचे खरे कारण बाहेर आले. जागरणामुळे ती रडत नव्हती. एका मधुमेही म्हाताऱ्या बाईंस सकाळी 20 युनिट इन्सुलिन द्यावयाचे होते. आपल्याकडे कुपीतले इन्सुलिन दोन प्रकारचे मिळते : एकाच्या एका मिलिलिटरात 40 युनिट असतात, दुसऱ्याच्या 100. पहिल्याची सिरिंज लाल टोपणाची, दुसरीची नारिंगी. त्या पहाटे कुपी 100 ची होती व हाताशी आलेली सिरिंज 40 ची. तिने 20 च्या खुणेपर्यंत औषध भरले. ती खूण म्हणजे अर्धा मिलिलिटर. अर्थात 20 च्या जागी 50 युनिट! रक्तातील साखर एवढी उतरली असती की त्या बाई पुन्हा जाग्या झाल्या असत्या की नाही, कोण जाणे. रोगी योग्य, औषध योग्य, मात्रा योग्य, मार्ग योग्य, वेळ योग्य, ही पाच वाक्ये तिला पाठ होती. खाटेजवळ उभी राहून तिने कुपी तिसऱ्यांदा वाचली, तेव्हा 100 हा आकडा तिच्या ध्यानात आला. सुई टोचली गेली नव्हती.

हे कोणीही पाहिले नव्हते. सिरिंज फेकून नवी भरली असती, तर गोष्ट तेथेच संपली असती. पण सकाळी तिने स्वतः परिसेविकेस सांगितले व नोंदवहीत लिहिले. परिसेविकेने दोन्ही सिरिंजांचे डबे त्याच दिवशी वेगवेगळ्या कपाटांत ठेवविले. मुलीला मात्र वाटत होते की, आपण या कामास नालायक आहो. आम्हास अगदी उलट वाटले, व तसे आम्ही तिला स्पष्ट सांगितले.

येथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. अशा चुकांचे खापर नेहमी नव्या मुलीच्या डोक्यावर फोडतात. एका परिचारिकेकडे रात्री तीस-चाळीस रोगी सोपविलेले आम्ही स्वतः पाहिले आहेत. जे रुग्णालय असे करते, त्याने तिच्या निष्काळजीपणाची चर्चा जरा जपून करावी.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचे हाती दिवा घेतलेले चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. 1854 साली क्रिमियाच्या युद्धात त्या जखमी शिपायांत रात्री हिंडल्या, हे खरे. परंतु मृत्यूंचे आकडे मांडीत त्या तितक्याच चिकाटीने बसल्या, हे थोड्यांस ठाऊक असते. नव्या मुलीने दिव्याबरोबर हे मोजणेही घ्यावे. विशेषतः श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. प्रौढ माणसाचा श्वास विसाव्याच्या स्थितीत मिनिटास 12 ते 20 असतो, आणि रोगी बिघडू लागला की पुष्कळदा प्रथम तोच वाढतो. पण घाईत हाच आकडा अंदाजाने लिहिला जातो. शंका आल्यास डॉक्टरास उठवावे. ते रागावतील, रागावू द्यावे.

स्वतःच्या जिवाकडेही तिने पाहावे. हिपटायटिस-बीची लस अगोदरच घेतलेली असावी. वापरलेल्या सुईस पुन्हा टोपण घालू नये. ती थेट पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात टाकावी. सुई टोचलीच, तर बोट पिळत न बसता साबण व पाण्याने धुवावे व त्याच घटकेस कळवावे. एच. आय. व्ही. चा प्रतिबंध करणारी औषधे होईल तितक्या लवकर, 72 तासांच्या आत, सुरू करावी लागतात व 28 दिवस घ्यावी लागतात. लाजेने दडविलेली सुई फार महाग पडते.

राहिले घर. रात्रपाळी करणाऱ्या मुलीस स्थळ कसे येणार, अशी कुजबूज आमच्या मंडळ्यांत अजून चालते. तीच कुजबुजणारी माणसे मध्यरात्री छातीत कळ आल्यावर कोणाच्या हाताची वाट पाहतात, ते त्यांनी आम्हास सांगावे.

त्या मातेस आम्ही एवढेच कळविले की, मुलीस बोलावू नका. तुमचा फोन सकाळी अकरा वाजता जातो, तो तेवढा बंद करा. ती नुकती डोळा मिटते आणि तुम्ही तिला जेवलीस का म्हणून उठविता. बाई क्षणभर गप्प झाल्या, मग हसल्या. दुसऱ्या रविवारी एस. टी. ने जाऊन त्यांनी लेकीच्या खोलीच्या खिडकीस आपले जुने जाड घोंगडे टांगले. आता फोन सायंकाळी सहाला जातो, व रात्रीचा डबा भरता भरता मुलगी त्या म्हाताऱ्या बाईंची खुशाली सांगते.