बाभुळगावचा गाळ आणि खाडीतली पिल्लं

मी बाभुळगावचा, जिल्हा यवतमाळ. आमच्याकडून कोणत्याही दिशेनं निघा, समुद्र पाचशे किलोमीटरच्या पलीकडेच. त्यामुळे मासा म्हटलं की मला आठवते ती बेंबळा नदीतली मरळ. माझा रूम पार्टनर मात्र दाभोळचा. वाशिष्ठीच्या खाडीत लहानाचा मोठा झालेला. एकदा रात्री मेसमधून परत येताना तो म्हणाला, की खाडीतल्या माशांची पिल्लं तळ पाहून मुक्काम ठरवतात. मी हसलो. "काऊन बे, मासा त पाण्यात पोयते, त्याले तळाशी काय करा लागते?" तो शांतपणे म्हणाला, "मोठा मासा पोहतो रे. पिल्लू आधी जागा बघतं."

वाद तिथेच थांबला, पण डोक्यातून गेला नाही. लायब्ररीत बसून वाचलं, आणि लक्षात आलं की हा विषय आपल्या सिव्हिलवाल्यांचाच आहे. म्हणून हा लेख.

पिल्लू खाडीत येतं कसं?

बोय, लेप यांच्यासारखे कितीतरी मासे अंडी घालतात समुद्रात, पण त्यांची पिल्लं वाढतात खाडीत. आता गंमत बघा. नखाएवढं पिल्लू, पोहण्याची ताकद जेमतेम, आणि खाडीतला प्रवाह दिवसातून दोनदा आत, दोनदा बाहेर. मग ते आत जातं कसं?

उत्तर फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आहे. प्रवाहाचा वेग वर जास्त असतो आणि तळाजवळ घर्षणामुळे जवळजवळ शून्य. पुष्कळ जातींची पिल्लं भरतीच्या वेळी वर येतात आणि पाण्याबरोबर आत जातात. ओहोटी लागली की खाली तळाशी बसून राहतात. पुन्हा भरती आली की पुन्हा वर. जणू फुकटची एस.टी.! म्हणजे तळाशी पहिली ओळख होते ती विश्रांतीच्या जागेची.

चाळणी न वापरता सिव्ह अॅनालिसिस

सॉइल मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये आपण चाळण्यांची चळत हलवत बसतो. 75 मायक्रॉनच्या चाळणीवर राहिली ती वाळू, खाली गेला तो गाळ आणि चिकणमाती. लेप माशाचं पिल्लू हेच काम अंगानं करतं. लेप जन्मतो तेव्हा इतर माशांसारखाच उभा असतो, दोन्ही बाजूंना एकेक डोळा. वाढताना एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला येतो आणि मासा एका कुशीवर आडवा होतो. मग त्याचा बचाव एकच : रेतीत पुरून घेणे.

स्कॉटलंडमध्ये गिब्सन आणि रॉब या शास्त्रज्ञांनी 1992 मध्ये लेपच्याच दूरच्या भाऊबंदांवर, म्हणजे प्लेस या चपट्या माशाच्या पिल्लांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पिल्लू जितकं लहान, तितकी त्याला बारीक रेती लागते, कारण जाड कण हलवायची ताकद त्याच्यात नसते. जसजसं वाढतं तसतसं जाड रेतीतही पुरून घेता येतं. आणि ज्यात पुरून घेता येतं, तोच तळ ते निवडतं. तिथे आवडीनिवडीपेक्षा जीव वाचवण्याचा हिशोब मोठा असतो.

मुळांचा आसरा

तळ म्हणजे फक्त माती नव्हे. खारफुटीची मुळंही त्यातच आली. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळच्या मोरटन उपसागरात संशोधकांनी कृत्रिम मुळं ठेवून पाहिली. 2001 मध्ये हे काम छापून आलं. नुसत्या स्वच्छ काड्यांपेक्षा शेवाळ चढलेल्या काड्यांजवळ पिल्लं जास्त जमली. म्हणजे आसरा हवा, पण जेवणासकट! (हॉस्टेल निवडताना आपण दुसरं काय पाहतो?) शिकारी मासा सोडला की लहान पिल्लं काड्यांमध्ये शिरायची. मोठी झालेली पिल्लं मात्र मुळं सोडून उघड्या चिखलावर चरायला जात.

आमच्याकडच्या मरळीचंही असंच. तिची तांबूस पिल्लं काठच्या गवताजवळ घोळक्यानं फिरतात आणि आईबाप खाली राखण करतात. लहानपणी तो घोळका मी तासन् तास पाहिला, पण ती जागा निवडलेली असते हे कधी सुचलं नाही.

सांगायचं म्हणजे, एका पिल्लाला एकच तळ पुरत नाही. आज बारीक रेती, उद्या मुळं, परवा चिखल. जिताडा तर नदीच्या मुखाजवळ जन्मतो, खारफुटीत वाढतो, पुढे गोड्या पाण्यातही चढतो. आधी नर असतो आणि मोठेपणी मादी होतो! या साखळीतली एक जागा गेली की पुढची असून उपयोग नाही.

आता बाभुळगाव

इथपर्यंत वाचून मी रूम पार्टनरला म्हटलं, "तू जिंकलास. पण आमचा याच्याशी काय संबंध?" मग नकाशा काढला आणि मीच गप्प झालो.

बेंबळा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि गोदावरी आंध्रात समुद्राला. तिच्या मुखाशी, काकीनाड्याजवळ, कोरिंगाचं खारफुटीचं मोठं जंगल आहे. म्हणजे आमच्या वावरातून पावसात वाहून गेलेली माती तिथल्या पिल्लांचं अंथरूण होते!

होते की होत होती? 2004 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार गोदावरी 1970 च्या दशकात वर्षाला सुमारे 15 कोटी टन गाळ खाली नेत होती. 1990 च्या दशकात तो 6 कोटी टनांच्याही आत आला. कारण वरची धरणं. 1976 ते 2001 या काळात त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्याची सुमारे 18 चौरस किलोमीटर जमीन समुद्रानं घेतली. धरणात पाणी थबकलं की आधी जाड रेती बसते, मग बारीक गाळ. म्हणजे खाली किती जातं एवढंच बदलत नाही, काय जातं तेही बदलतं. आणि पिल्लू तर कणाची जाडी मोजून जागा घेतं.

आमच्या तालुक्यातही खडकसावंग्याजवळ बेंबळेवर धरण झालं. धरण वाईट, असं मी म्हणणार नाही. कालव्याचं पाणी वावरात आलं की घरात काय फरक पडतो, हे कापसाच्या भरवशावर शिकलेल्या मुलाला सांगावं लागत नाही. 2017 पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली. तलावातला गाळ शेतात गेला, तर शेतकऱ्याचं भलंच आहे. पण या सगळ्या हिशोबात समुद्राचा वाटा कुणी मांडत नाही.

तो मांडणं आपलं काम आहे. आपण जलाशयात गाळ किती साठेल हे गणित सोडवतो, कारण त्यावर धरणाचं आयुष्य ठरतं. त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहिता येईल : खाली किती गाळ जाईल आणि कोणत्या जाडीचा? पुराच्या दिवसांत तळाची दारं उघडून थोडा गाळ पुढे सोडता येईल का, हे डिझाइनच्या वेळीच विचारता येईल. धरण बांधून झाल्यावर विचारलं तर उशीर होतो.

रूम पार्टनर म्हणतो, सुट्टीत दाभोळला ये, ओहोटीच्या वेळी चिखलात उभं राहून दाखवतो. मी जाणार आहे. आणि त्याला बाभुळगावला नेणार आहे, गोदावरीच्या खाडीची माती निघते कुठून, ते दाखवायला.