पात्राची मर्यादा आणि खेळाचा नियम

व्हिडिओ गेम म्हटले की पालकांच्या मनात प्रथम काळजी उभी राहते. मुलांच्या डोळ्यांची, वेळेची आणि अभ्यासाची ही काळजी रास्तच आहे. परंतु खेळ खेळणे आणि खेळ रचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. खेळणारा दुसऱ्याने घालून दिलेल्या नियमांत वावरतो. रचणाऱ्याला ते नियम स्वतः ठरवावे लागतात आणि प्रत्येक नियमाचे कारण सांगावे लागते. नियम कोणी केला, कशासाठी केला, त्यामुळे कोण पुढे जातो आणि कोण कायम मागे राहतो, हे प्रश्न विचारायला बाबासाहेबांनी आपल्याला शिकविले. म्हणून खेळरचना हा विषय आपल्या मुलांना परका वाटण्याचे कारण नाही. शालेय प्रकल्प म्हणून व्हिडिओ गेम रचू पाहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी, आणि त्याच्या प्रकल्पवहीकडे पाहणाऱ्या पालकांसाठीही, हा पाठ लिहिला आहे.

१. चित्राआधी नियम

अशा प्रकल्पवहीच्या पहिल्या पानावर बहुधा नायकाचे चित्र असते. रुंद खांदे, हातात तलवार, पाठीवर झगा आणि शेजारी ‘शक्ती १००, वेग ९०’ अशी नोंद. ‘हा काय करतो?’ असे विचारले की ‘शत्रूंना मारतो’ हे उत्तर येते. ‘याला काय करता येत नाही?’ असे विचारले की विद्यार्थी गप्प होतो. याचा अर्थ वेश काढून झाला आहे, पात्र अजून जन्मायचे आहे.

खेळाडूने कळ दाबली की काय घडते, काय घडत नाही, काय मिळविले म्हणजे जिंकले आणि काय गमावले म्हणजे हरले, या सर्व नियमांना मिळून खेळाचे मेकॅनिक्स म्हणतात. शब्द नवा असला तरी गोष्ट जुनीच आहे. आपला खो-खो पाहा. पळणाऱ्याला बसलेल्या खेळाडूंच्या मधून हवे तसे जाता येते. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली रेषा ओलांडता येत नाही आणि घेतलेली दिशा मध्येच बदलता येत नाही. त्याच्यावर ही बंधने नसती तर तो एकटाच धावत राहिला असता. बंधने आहेत म्हणूनच पलीकडे तोंड करून बसलेल्या सोबत्याला त्याला ‘खो’ द्यावा लागतो. सहकार्याचा उपदेश न करता खो-खोचा नियम सहकार्य घडवून आणतो.

२. थोड्या साधनांतून घडलेली पात्रे

व्हिडिओ गेमच्या इतिहासातील सर्वांत परिचित पात्र मारिओ हे आहे. १९८१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या ‘डाँकी काँग’ या खेळात ते प्रथम आले. रचनाकार शिगेरू मियामोतो यांना पडद्यावर अगदी मोजके ठिपके उपलब्ध होते. एवढ्या ठिपक्यांत केस नीट काढता येईनात, म्हणून डोक्यावर टोपी आली. तोंड दाखविणे कठीण, म्हणून मोठ्या नाकाखाली मिशी आली. हातांची हालचाल अंगापासून वेगळी दिसावी म्हणून कामगाराचा डगला आला. जगभर ओळखला जाणारा हा चेहरा साधनांच्या तुटवड्यातून घडला आहे.

त्याआधी एक वर्ष, १९८० साली, नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी ‘पॅक-मॅन’ रचला. त्यातील चार भुते रंग सोडला तर दिसायला एकसारखी आहेत. त्यांचे स्वभाव मात्र वेगळे आहेत, आणि ते स्वभाव नियमांनीच घडविले आहेत. लाल भूत थेट पाठलाग करते. गुलाबी भूत पॅक-मॅनच्या चार घरे पुढची जागा गाठू पाहते. नारिंगी भूत दुरून पाठलाग करते, पण फार जवळ आले की आपल्या कोपऱ्याकडे वळते. एकही संवाद नसताना खेळाडू त्यांना ओळखू लागतो. पात्र म्हणजे अमुक प्रसंगी अमुक वागण्याची रीत, ही व्याख्या विद्यार्थ्याने येथून घ्यावी.

३. गुडघे नसलेली राजकन्या

हे अनुभवी रचनाकारांचे झाले. विद्यार्थ्यांचेही एक उदाहरण आहे, आणि ते मला सर्वांत बोधक वाटते. अमेरिकेतील रेडमंड येथे डिजिपेन ही खेळरचना शिकविणारी संस्था आहे. तेथील काही विद्यार्थ्यांनी २००५ साली प्रकल्प म्हणून ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ नावाचा खेळ तयार केला. त्यांची नायिका ही राक्षसाने तळघरात कोंडलेली राजकन्या होती. तिचे नाव ‘नो-नीज’, म्हणजे गुडघे नसलेली. तिला उडी मारता येत नाही.

उडी ही मारिओपासून अशा खेळांची मुळाक्षरे समजली जाते, आणि या विद्यार्थ्यांनी नायिकेची उडीच काढून घेतली. मग खड्डा ओलांडायचा कसा? उंच कट्ट्यावर जायचे कसे? त्यासाठी त्यांनी तिला दोन द्वारे दिली. भिंतीवर एक द्वार उघडायचे, दुसरे पलीकडच्या भिंतीवर किंवा छतावर उघडायचे; एकात शिरले की दुसऱ्यातून बाहेर. आता खेळाडूला बोटांच्या चपळाईऐवजी विचार करावा लागतो. वाट दिसत नसेल तर ती कोठून कोठे उघडता येईल, हा विचार. नायिकेची उणीव आणि खेळाचा मुख्य नियम ही एकाच कल्पनेची दोन अंगे झाली.

हा प्रकल्प व्हॉल्व्ह या कंपनीच्या लोकांनी पाहिला आणि त्या विद्यार्थ्यांना नोकरीवर घेतले. किम स्विफ्ट आणि तिच्या सहकाऱ्यांच्या त्याच कल्पनेतून २००७ साली ‘पोर्टल’ हा विख्यात खेळ आला. त्यातलीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एका टप्प्यात खेळाडूने एक जड पेटी शेवटपर्यंत सोबत नेणे आवश्यक होते. परंतु चाचणी घेताना खेळाडू ती मागेच विसरत. रचनाकारांनी त्या पेटीवर हृदयाचे चिन्ह काढले आणि तिला ‘सोबती’ म्हटले. त्यानंतर खेळाडू पेटी विसरेनात. उलट तिचा त्यांना लळा लागला. नियमाची एक अडचण सोडविताना निर्जीव पेटीचे पात्र झाले.

४. मर्यादा आणि निवाडा

येथे विद्यार्थी एक शंका काढील, आणि ती योग्यच असेल. मर्यादेतून चांगले पात्र घडते असे म्हटले, तर माणसांवर मर्यादा लादणाऱ्या व्यवस्थेचे समर्थन होत नाही काय? याचे उत्तर इतिहासाच्या विद्यार्थ्याने नीट समजून घेतले पाहिजे.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळण्याचा खेळ प्रसिद्ध केला. पात्राचे गुण आकड्यांत मांडणे आणि पात्र पातळी-पातळीने वर चढणे, या पद्धती पुढे असंख्य व्हिडिओ गेमनी तेथून उचलल्या. त्या खेळात पात्राचा वंश आधी निवडावा लागे. मूळ नियमांत ड्वार्फ म्हणजे बुटक्या वंशाच्या पात्राला केवळ योद्धा होता येई, आणि तेही सहाव्या पातळीपर्यंतच. मानव पात्राला अशी सीमा नव्हती. खेळाडू कितीही कुशल असो, बुटक्याचा जिना सहाव्या पायरीवर संपत असे. हे नियम पुढे टप्प्याटप्प्याने सैल झाले. २०२४ च्या नव्या नियमपुस्तकात ‘वंश’ हा शब्द काढण्यात आला, आणि गुणांची वाढ जन्माऐवजी पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडण्यात आली. त्याला पन्नास वर्षे लागली.

३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या, पण जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. खेळरचनेच्या भाषेत तो मनोरा म्हणजे कौशल्य, कष्ट आणि विचार यांपैकी कशाचाही उपयोग न होणारा नियम आहे.

राजकन्येला उडी मारता येत नाही, ही मर्यादा आहे. ती खेळाडूपुढे प्रश्न ठेवते आणि प्रश्न सोडविण्याचे साधनही देते. बुटक्याला सातवी पातळी नाही, हा निवाडा आहे. तेथे प्रश्नच शिल्लक राहत नाही. आपल्या पात्राला मर्यादा द्यावी, निवाडा देऊ नये. प्रकल्पवहीतील प्रत्येक नियमाला ही कसोटी लावावी.

५. महाडचा खेळ रचायचा तर

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह हा विषय घेतला. तलवारीचा नायक आणि शिंगे असलेले शत्रू या साच्यात तो बसविला, तर वेशभूषा कितीही अचूक असली तरी इतिहास खोटा होईल. म्हणून आधी घटनाक्रम पाहावा.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव संमत झाला. १९२४ च्या जानेवारीत महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावरचा नियम असा बदलला, पण प्रत्यक्षातला बदलला नाही. २० मार्च १९२७ रोजी परिषदेला आलेले लोक बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तळ्यापर्यंत चालत गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर मंदिरप्रवेशाची खोटी अफवा उठली आणि परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. संतप्त अनुयायांना बाबासाहेबांनी प्रतिहल्ल्यापासून आवरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. न्यायालयाचा लढा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात तो जिंकला गेला.

या घटनाक्रमातूनच नियम निघतात. पहिला, खेळाडूने बाबासाहेबांचे पात्र चालवू नये. कुलाबा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातून आलेल्या साध्या प्रतिनिधीचे पात्र घ्यावे. कारण तळ्यापर्यंत चालत जाण्याचा निर्णय त्या प्रत्येकाला स्वतः करावा लागला होता. दुसरा, हे पात्र एकटे तळ्याची पायरी उतरू शकत नाही, ही त्याची मर्यादा. गावोगाव जाऊन सोबती जोडावे, हे त्याचे साधन. तिसरा, प्रहाराची कळच ठेवू नये. हल्ला होताना सोबत्यांना आवरण्याची कळ ठेवावी. ती वेळेवर दाबणे प्रहारापेक्षा अवघड असावे, कारण प्रत्यक्षातही ते अवघडच होते. चौथा, ओंजळीत पाणी आले तेथे खेळ संपवू नये. ठराव मागे घेतला जातो आणि दहा वर्षांचा पुढचा टप्पा सुरू होतो, हे खेळाडूला अनुभवू द्यावे.

पाचवा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. विरोधी पात्रे रचताना ‘अमुक जातीचा तो शत्रू’ अशी आज्ञा संगणकाला देऊ नये. महाडच्या परिषदेसाठी रामचंद्र बाबाजी मोरे झटले, तसेच अनंतराव चित्रे आणि गं. नी. सहस्रबुद्धे हेही बाबासाहेबांच्या सोबत उभे होते. पात्र शत्रू की मित्र हे त्याच्या कृतीवरून ठरावे. जन्मावरून ठरविणारा नियम आपणच लिहिला, तर तो बिनजिन्याचा मनोरा आपल्याच हाताने पुन्हा उभा राहील.

६. प्रकल्पाची रीत

संगणक नंतर उघडावा. आधी चौकटीचा कागद, चिंचोके आणि एक फासा घेऊन खेळ मांडावा. नियम दहा ओळींत मावले पाहिजेत. मग खालच्या वर्गातील दोन मुलांना खेळायला बसवून आपण शेजारी मूकपणे बसावे. ती जेथे अडतील तेथे समजावून सांगण्याचा मोह टाळावा आणि वहीत नोंद करावी. ‘पोर्टल’मधली विसरलेली पेटी अशाच निरीक्षणातून सापडली होती. दुसऱ्या दिवशी एकच नियम बदलून पुन्हा खेळवावे. एकदम तीन बदलले तर कोणत्या बदलाने काय झाले, हे कळत नाही.

एवढे झाल्यावर ‘स्क्रॅच’सारखे विनामूल्य साधन घ्यावे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये ते मुलांसाठी खुले केले. आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून त्यात खेळ तयार करता येतो. नायकाचे चित्र सर्वांत शेवटी काढावे. तोवर पात्र काय करू शकते आणि काय नाही हे ठरलेले असते, त्यामुळे ते कसे दिसावे हेही सुचते.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे संगणक क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून एखादा रविवार या कामासाठी शाळेला द्यावा, अशी विनंती आहे. पालकांनीही घरी आलेल्या मुलाची प्रकल्पवही उघडून पाहावी. ‘तुझा नायक किती बलवान आहे?’ असे विचारण्याऐवजी ‘त्याला काय करता येत नाही, आणि तरीही तो वाट कशी काढतो?’ असे विचारावे. मूल त्याचे उत्तर शोधू लागले की त्याच्या हातातला खेळ हाच त्याचा अभ्यास झाला, असे खुशाल समजावे.