कोर्टांत दुर्बळाचा सोबती

कोर्टाचें नांव काढतांच खेड्यांतील गरीब मनुष्याच्या पोटांत गोळा उठतो. तेथील भाषा निराळी, कागद पुष्कळ. आणि विरुद्ध पक्षाचा वकील उलट-तपासणीस उभा राहिला म्हणजे चांगल्या शहाण्या मनुष्याचीही जीभ अडखळते. मग लहान मूल, निराधार विधवा किंवा मुका मनुष्य यांची काय गत होत असेल? पुष्कळांची बाजू खरी असूनही ती नीट मांडतां न आल्यामुळें बुडते. अशांस कायद्यानें कोणता आधार दिला आहे, व आपण त्यांचे सोबती कसें व्हावें, हें या पाठांत पाहूं.

१. विनामूल्य वकील. १९७६ सालीं राज्यघटनेंत ३९-अ हें कलम घालण्यांत आलें. गरिबीमुळें कोणी न्यायास मुकूं नये, हा त्याचा हेतु होय. त्यास अनुसरून १९८७ सालीं विधि सेवा प्राधिकरणांचा कायदा झाला, व तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलांत आला. त्याप्रमाणें प्रत्येक स्त्री, प्रत्येक बालक, अपंग मनुष्य, कैदेंत असलेला मनुष्य, वेठबिगारींत सांपडलेला, आणि पूर, दुष्काळ किंवा भूकंप यांनीं गांजलेला, यांस सरकारी खर्चानें वकील मिळूं शकतो. इतरांस उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुक्याच्या कोर्टांतील विधि सेवा समितीकडे अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर टेलिफोन करावा.

येथें एक शंका निघते. या कायद्यांत अनुसूचित जाति व जमाति यांचाही उल्लेख आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळें ख्रिस्ती झालेल्यास अनुसूचित जातीचा म्हणून हा हक्क सांगतां येत नाहीं. अनुसूचित जमातींच्या आदेशांत मात्र धर्माची अट नाहीं. परंतु एक दार बंद म्हणून निराश होऊं नये. स्त्री, बालक, अपंग, कैदी व अल्प उत्पन्नाचा मनुष्य यांचीं दारें सर्वांस सारखींच उघडीं आहेत.

आरोपीलाही हा हक्क आहे. अरुणाचल प्रदेशांतील सुक दास यांच्या खटल्यांत, गरीब आरोपीस वकील मिळूं शकतो हें कोणीं सांगितलेंच नव्हतें. १९८६ सालीं सुप्रीम कोर्टानें ती शिक्षा रद्द केली. आरोपीनें वकील मागितला नाहीं, ही सबब कोर्टानें मानली नाहीं.

२. बालकाची साक्ष. अठरा वर्षांखालील मुलांवरील लैंगिक अपराधांविषयीं २०१२ सालीं कायदा झाला. त्यास लोक पोक्सो म्हणतात. त्याप्रमाणें वकिलानें मुलास थेट प्रश्न विचारावयाचे नाहींत; ते न्यायाधीशास द्यावे, व न्यायाधीशानें मुलास विचारावे. साक्ष देतांना आरोपी मुलाच्या दृष्टीस पडूं नये. मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे असा नातलग किंवा स्नेही जवळ बसूं शकतो. बाल कल्याण समितीस, मूल व त्याचे आईबाप यांच्या संमतीनें, एक सहायक व्यक्तीही नेमतां येते. महाराष्ट्रांतून गेलेल्या एका प्रकरणांत १९२२ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२२ सालीं, सुप्रीम कोर्टानें अशा दुर्बळ साक्षीदारांसाठीं जिल्ह्याजिल्ह्यांत स्वतंत्र साक्ष-केंद्रें उभारण्याचा हुकूम केला. मुक्या मनुष्यास लिहून किंवा खुणांनीं साक्ष देतां येते, व त्यासाठीं दुभाषा घेतां येतो.

३. सोबत्याचें काम. तारीख लक्षांत ठेवावी, वेळेवर पोहोंचावें, भाकरीची व गाडीची सोय पाहावी. पडदा किंवा दुभाषा पाहिजे असल्यास सरकारी वकिलास आधींच सांगावें. प्रश्न समजला नाहीं तर “समजला नाहीं” असें म्हणण्यास भिऊं नये, हें साक्षीदारास सांगून ठेवावें. परंतु काय बोलावें हें कधींही पढवूं नये. पढविलेला साक्षीदार उलट-तपासणींत सांपडतो, आणि मग त्याच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवीत नाहीं.

४. झांकून ठेवूं नये. बालकावर अत्याचार झाल्याचें कानीं आलें, तर “मंडळीची अब्रू जाईल, पंचांनीं आपसांत मिटवावें,” असें म्हणणारे निघतात. उपदेशकांनीं पक्कें समजावें कीं, पोक्सो कायद्याप्रमाणें ही खबर पोलिसांस देणें प्रत्येकास बंधनकारक आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. खबर द्यावी, पण मुलाचें नांव गांवांत फोडूं नये. प्रार्थनासभेंतही घेऊं नये. अब्रू जाते ती अपराध करणाऱ्याची. ज्यानें सोसलें त्याची नव्हे.

विचारासाठीं प्रश्न:
१. आपल्या तालुक्याची विधि सेवा समिति कोठें आहे?
२. साक्षीदारास धीर देणें व साक्ष पढविणें यांत भेद काय?
३. आपल्या गांवांत कोर्टाची तारीख असून सोबतीस कोणी नाहीं, असें कोण आहे?