चोर सोडून संन्याशाला सुळी!

बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणं सोपं. कधी चालते, कधी चालत नाही, ती वस्तू खरी परीक्षा घेते. या परीक्षेत मी नापास झालो आणि फी भरली माझ्या काकांनी!

काकांची गाडी जुनी. डाव्या दाराची पॉवर विंडो मनात आलं तर चढायची. "तू इलेक्ट्रिकलला ना? बघ जरा," काका म्हणाले. मी ऐटीत दाराचं पॅड काढलं, मोटरचा प्लग सोडवला, स्विच दाबून प्लगवर मीटर लावलं. 12 व्होल्ट! सप्लाय येतोय तरी मोटर फिरत नाही, म्हणजे मोटर गेली. काकांनी दोन हजारांची नवी मोटर आणली. काच झकास चालली... आठ दिवस!

नवव्या दिवशी काका-काकू कराडहून चिपळूणला निघाले. काकूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. कुंभार्ली घाटात तिला मळमळलं म्हणून काच उतरवली, ती परत चढेचना. वर धो धो पाऊस. डोळ्यावर पदर धरून काकूने घाट उतरला. काका फोनवर एवढंच म्हणाले, "नवी मोटरपण गेली वाटतं." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मशीन्स लॅबमधल्या सरांना सगळं सांगितलं. ते हसले. "नळाला प्रेशर आहे हे बघितलंस. बादली भरते का ते बघितलंस?"

आता हिशेब बघा. डिजिटल मीटरचा रेझिस्टन्स साधारण 10 मेगाओहम. वायरीत कुठे 4 ओहमचा खराब जोड असला, तरी मीटरमधून करंट जवळजवळ नाहीच. त्यामुळे ड्रॉप नाही आणि मीटर 12 दाखवतं. मोटर मात्र 6 अँपिअर मागते, म्हणजे ढोबळमानाने 2 ओहम. एकूण 6 ओहम झाले, करंट 2 अँपिअर आणि मोटरला मिळाले फक्त 4 व्होल्ट! माझं रीडिंग बरोबर होतं, निष्कर्ष चुकला होता.

गणपतीच्या सुट्टीत पुन्हा बसलो. या वेळी प्लग जोडलेलाच ठेवला. या गाडीत स्विच गिअरजवळ आहे, त्यामुळे मोटरच्या दोन्ही वायरी बिजागरीजवळच्या रबरी नळीतून दारात जातात. मीटरची एक पिन वायरीच्या स्विचकडच्या टोकाला, दुसरी त्याच वायरीच्या मोटरकडच्या टोकाला लावली. काकांनी स्विच दाबून धरला, मी दार हळूहळू हलवलं. ड्रॉप अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. एका वायरीवर, दार अर्धं उघडताच तो 8 व्होल्टवर गेला! नळी सरकवली तर वरचं इन्सुलेशन शाबूत, आतली तांब्याची तार तुटून एक-दोन धाग्यांवर लटकलेली. वर्षानुवर्षं दार उघडून-मिटून ती थकली होती. मोटर बदलताना दार हललं, टोकं टेकली आणि मला वाटलं, जमलं!

बॅटरीची निगेटिव्ह काढून नवी लवचिक वायर घातली. सोल्डरचे जोड नळीच्या बाहेर ठेवले, कारण सोल्डरने वायर ताठ होते आणि वाकणाऱ्या जागी पुन्हा तुटते. खर्च साठ रुपये.

काच सारखी वर-खाली केल्यावर थांबून दहा मिनिटांनी आपोआप चालली, तर मोटरमधलं थर्मल कटआउट तपासा. दार हलवल्यावर फरक पडला तर वायर बघा. फ्यूज मात्र मोठा घालू नका.

मुख्य धडा एकच. फॉल्ट हवा तेव्हा आणता आल्याशिवाय पार्ट बदलू नका. दुरुस्तीनंतर तोच फॉल्ट त्याच पद्धतीने आणायचा प्रयत्न करा. मी दार शंभर वेळा उघड-मीट केलं, प्रत्येक वेळी काच चढली. मगच काकूला गाडीत बसवलं.

जुनी मोटर माझ्या हॉस्टेलच्या टेबलावर आहे. बिचारी उत्तम चालते!

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी