मोकळा वेळ

मुलांनो, शाळेची कोणती घंटा तुम्हाला सर्वांत गोड वाटते, हे मी तुम्हाला विचारणार नाही. कारण ते मला ठाऊक आहे. परंतु तीच घंटा शिक्षकालाही गोड वाटते, हे तुमच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. चौतीस वर्षे मी शिक्षक होतो. त्यांतील अखेरची अकरा वर्षे मुख्याध्यापक. या सर्व काळात माझे उठणे, जेवणे, चालणे, इतकेच काय, पण शिंकणेसुद्धा घंटेच्या धाकात होते. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी जेव्हा शेवटची घंटा झाली, तेव्हा निरोपाचा समारंभ झाला. शाल मिळाली, श्रीफळ मिळाले, आणि सहकाऱ्यांनी प्रेमाने भिंतीवरचे एक मोठे घड्याळ दिले. ज्याला आता वेळेवर कोठेही पोहोचायचे नव्हते, त्याला घड्याळ! समारंभ संपल्यावर सहावीतील एक मुलगा माझ्याजवळ आला व गंभीरपणे म्हणाला, "सर, आता तुम्हाला रोजच रविवार ना?"

"होय रे बाबा, रोजच रविवार," मी म्हणालो. त्याच्या डोळ्यांत मला स्वच्छ हेवा दिसला.

खरे सांगायचे तर या रविवारांची वाट मी कित्येक वर्षे पाहत होतो. माझ्या एका जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर मी निवृत्तीनंतरच्या कामांची यादी लिहून ठेवली होती. पहाटे नदीवर फिरावयास जाणे. परीक्षेत काय विचारतील याचा विचार न करता पुस्तके वाचणे. मोडी लिपी शिकून आजोबांच्या पेटीतील कागद उलगडणे. आणि रोज दुपारी, कोणी न उठविता, एक डुलकी काढणे. मुख्याध्यापकाला दुपारी डुलकी किती अप्राप्य असते, हे त्यालाच माहीत!

पुढचा सोमवार उजाडला. मी नित्याप्रमाणे स्नान केले, दहाच्या ठोक्याला जेवलो, सदरा-कोट चढविला व छत्री घेऊन दारापर्यंत आलो. आतून आवाज आला, "अहो, निघालात कुठे?" मी तसाच उभा राहिलो. नंतर छत्री खुंटीला अडकविली आणि मुकाट्याने वर्तमानपत्र उघडले. त्या दिवशी मी ते जाहिरातींसह वाचून काढले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या आठवड्यात तर मी स्वयंपाकघरात जाऊन डबे कोणत्या क्रमाने मांडावेत याविषयी उपदेश करू लागलो. तो उपदेश घरात कसा घेतला गेला, हे येथे सांगण्याचे कारण नाही. यादीतील एकही काम सुरू झाले नव्हते. डुलकीसुद्धा लागत नव्हती. दिवसभर न थकलेल्या माणसाला झोप यावी तरी कशी?

असाच एका दुपारी कपाटापुढे उभा असताना माझी दृष्टी 'मराठी रियासती'च्या खंडांवर गेली. ते मी तरुणपणी हौसेने घेतले होते व 'पुढे सवडीने वाचू' म्हणून ठेवून दिले होते. एक खंड काढला, आणि त्याबरोबरच तो लिहिणाऱ्या पुरुषाचे चरित्र मला आठवले. तेच आज तुम्हाला सांगावयाचे आहे.

गोविंद सखाराम सरदेसाई यांचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या लहानशा खेड्यात झाला. शिक्षण पूर्ण झाल्यावर १८८९ साली ते बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांच्या नोकरीत लागले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणे आणि राजपुत्रांना शिकविणे ही त्यांची कामे. महाराजांना वाचनाची दांडगी आवड होती. त्यांच्यासाठी व राजपुत्रांसाठी सरदेसाई इतिहासाची टिपणे काढीत. टिपणांची बाडे झाली, आणि त्या बाडांतूनच 'रियासत' जन्मास आली. रियासत म्हणजे राज्य, सत्ता. मुसलमानी, मराठी आणि ब्रिटिश अशा तीन रियासतींचा इतिहास त्यांनी लिहावयास घेतला, आणि लोक त्यांना 'रियासतकार' या नावाने ओळखू लागले.

परंतु हे सर्व लेखन नोकरी सांभाळून चालले होते, हे लक्षात घ्या. राजाची नोकरी! महाराज परदेशी निघाले की त्यांच्याबरोबर निघावे लागे. हाती घेतलेले प्रकरण अर्धवट टाकून दरबारच्या कामाला उभे राहावे लागे. पहाटेचा एखादा तास, रात्रीचा एखादा तास, असे तास वेचून त्यांनी ग्रंथ रचले. छत्तीस वर्षे अशी गेली. ज्याच्या मनात एवढे मोठे काम दडलेले आहे, तो निवृत्तीची वाट किती आतुरतेने पाहत असेल, याची कल्पना करा.

१९२५ साली ते बडोद्याहून निवृत्त झाले. राहण्यासाठी त्यांनी पुणे किंवा मुंबई निवडली नाही. मुंबईहून पुण्याकडे येणारी आगगाडी खंडाळ्याचा घाट चढून आली की लोणावळ्यापुढे कामशेत नावाचे स्थानक लागते. इंद्रायणीचे पाणी, सभोवार डोंगर, लोहगड-विसापूर हे किल्लेही फार दूर नाहीत. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्याने बसावे तर अशाच ठिकाणी. तेथे त्यांनी घर केले. आता नोकरी नाही, हुकूम नाही, प्रवासाची सक्ती नाही. वर्षानुवर्षे इच्छिलेला मोकळा वेळ पुढ्यात होता.

आणि याच सुमारास त्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. त्यांचा मुलगा श्यामकांत शांतिनिकेतनात शिकून पुढील शिक्षणासाठी जर्मनीला गेला होता. तो मोठा बुद्धिमान आणि प्रेमळ तरुण होता. परदेशातच त्याला मृत्यू आला. नदीकाठच्या त्या शांत घरात आता मोकळ्या वेळेचे काय झाले असेल? काम नसते तेव्हा दुःखाला बसावयास ऐसपैस जागा मिळते. त्या घरातील ते दिवस कसे गेले, हे मला वर्णन करता येणार नाही व तसे करूही नये. एवढे मात्र खरे की सरदेसाई यांनी लेखणी खाली ठेवली नाही. पुढे श्यामकांताची पत्रेही ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

मग १९२९ साली त्यांच्याकडे एक विलक्षण काम चालून आले. १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा पेशव्यांच्या कचेरीतील सारे कागद इंग्रजांच्या हाती पडले. तेच पुण्याचे पेशवे दप्तर. कापडात बांधलेल्या कागदांच्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. असे हजारो रुमाल तेथे वर्षानुवर्षे बांधून पडलेले होते आणि संशोधकांना ते सहजासहजी पाहावयास मिळत नसत. त्यांतून इतिहासाला उपयोगी असे कागद निवडून छापावयाचे मुंबई सरकारने ठरविले. थोर बंगाली इतिहासकार जदुनाथ सरकार हे सरदेसाई यांचे जिवलग स्नेही. या कामी त्यांचा सल्ला महत्त्वाचा ठरला. काम सरदेसाई यांच्याकडे आले. पुण्यातील काही संशोधकांना ही निवड रुचली नाही व तसे त्यांनी बोलूनही दाखविले. पण चौसष्ट वर्षांच्या या निवृत्त गृहस्थाने साहाय्यक जमविले आणि रुमाल सोडावयास आरंभ केला.

हे काम किती बिकट होते, ते समजण्यासाठी जुने पत्र कसे असते ते पाहू. ते मोडी लिपीत असते. मोडी लिहिणारा कागदावर आधी आडवी रेघ ओढून घेतो आणि मग बोरूने भरभर लिहीत सुटतो. दोन शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. (हे वाचून तुमच्यापैकी काहींना मोडीविषयी एकदम प्रेम वाटू लागेल, याची मला कल्पना आहे.) ते वाचता आले तरी दुसरी अडचण उभी राहते. पत्राच्या शेवटी तारीख असते, ती अशी : 'छ १२ सवाल'. येथे 'छ' म्हणजे चंद्र. सवाल हा मुसलमानी महिना. म्हणजे त्या महिन्याचा बारावा चंद्र. पण वर्ष कोणते? पुष्कळ पत्रांत ते दिलेलेच नसते! लिहिणाऱ्याला ते ठाऊक होते, वाचणाऱ्यालाही ठाऊक होते. दोनशे वर्षांनी कोणी तिसरा हे पत्र उघडील, असे त्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

अशा वेळी इतिहासकाराला गुप्तहेर व्हावे लागते. पत्रात कोणत्या सरदाराचे नाव आहे? तो तेव्हा जिवंत होता काय? फौज कोठे होती? वार दिला असेल तर तो वार आणि ती तिथी कोणत्या वर्षी एकत्र आली? असे धागे जुळवीत जुळवीत एका पत्राचे वर्ष निश्चित करावयाचे, आणि मग दुसरे पत्र हाती घ्यावयाचे. वर्ष चुकले तर लढाईनंतरचे पत्र लढाईच्या आधी जाऊन बसेल आणि शूराचा भ्याड व भ्याडाचा शूर होऊन जाईल.

१९३४ पर्यंत निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग छापून झाले. रियासतीचे शेवटचे भागही निवृत्तीनंतरच पुरे झाले. दरम्यान जदुनाथ व सरदेसाई हे दोघे वृद्ध मित्र गडकोट आणि रणभूमी प्रत्यक्ष पाहत हिंडत. जदुनाथ कामशेतला येऊन राहत. एक बंगाली, एक मराठी. एकाने दुसऱ्याची भाषा आवडीने शिकलेली. त्यानंतर सरदेसाई यांनी मराठ्यांचा संपूर्ण इतिहास इंग्रजीत नव्याने लिहिला. त्याचे तीन खंड १९४६ ते १९४८ या काळात प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे गेले होते. १९५७ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मभूषण' देऊन गौरविले, आणि २९ नोव्हेंबर १९५९ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी, ते कालवश झाले. छत्तीस वर्षे नोकरी आणि जवळजवळ तितकीच वर्षे निवृत्ती!

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत : रिकामा आणि मोकळा. घागर रिकामी असते, वारा मोकळा असतो. 'रिकामा वेळ' आणि 'मोकळा वेळ' हे मी चौतीस वर्षे मुलांना समानार्थी शब्द म्हणून शिकवीत आलो होतो. त्या दुपारी रियासतीचा खंड हाती धरून मी खुर्चीवर बसलो, तेव्हा मला प्रथमच वाटले, की हे उत्तर लिहिणाऱ्या मुलांना मी पुरे गुण द्यावयास नको होते.

दुसऱ्या दिवशी मी मोडीचे एक पुस्तक आणविले. साठीच्या उंबरठ्यावर अक्षरे गिरविणे सोपे नाही. माझा 'ळ' पाहून नातवाला हसू आवरेना, आणि वर्गात तुमच्या अक्षराला मी काय काय नावे ठेवली होती ती सर्व मला आठवली. सहा महिन्यांनी आजोबांची पेटी उघडली. वरती बियाणे आणि बैल यांचे हिशेब होते. त्यांच्याखाली एक पत्र निघाले. ते आजोबांनी आपल्या थोरल्या भावाला लिहिले होते. पुरे वाचावयास मला नऊ दिवस लागले. 'यंदा पीक बुडाले. मुलाला शाळेतून काढावे असे सर्व म्हणतात. परंतु गुरुजी म्हणतात याला ठेवा. तरी एक वर्ष फीची सोय आपण करावी,' असा मजकूर होता. तो मुलगा म्हणजे माझे वडील. ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती. कदाचित त्यांनाही ती ठाऊक नसेल.

पत्राला तिथी आहे, वार आहे; वर्ष मात्र नाही. मंगळवार आणि ती तिथी एकत्र आलेली वर्षे मी जुन्या पंचांगांतून शोधून काढली. त्यांपैकी बहुतेक खोडून आता दोनच उरली आहेत. गावच्या शाळेत जुनी हजेरीपत्रके अजून आहेत असे कळल्यामुळे उद्या सकाळच्या गाडीने मी तिकडे जाणार आहे. त्यासाठी भिंतीवरच्या घड्याळाला आज किल्ली दिली आहे. दुपारची डुलकी मात्र आजही राहूनच गेली.